पाहुणे नकोत, नातवंडं हवीत

आमच्या नौपाड्यात थंडी आली हे स्वेटरवरून कळत नाही. ठाण्याची थंडी ती केवढी! ती कळते गच्चीवरच्या गाद्यांवरून. दिवाळीचे कंदील उतरले की पंधरा दिवसांत आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर कापसाच्या गाद्या, रजया, उशा उन्हाला येतात. प्लंबरला फुरसत नसते. कुणाचा गिझर बदलायचा असतो, कुणाला कमोड बसवून घ्यायचा असतो. किराणावाल्याकडे पाण्याच्या मोठ्या बाटल्यांची मागणी वाढते. आणि जिन्यात भेटणारी प्रत्येक आजी एकच वाक्य बोलते, "एकवीस तारखेला येतायत हो मुलं!"

मग डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री-अपरात्री इमारतींखाली गाड्या थांबायला लागतात. भल्यामोठ्या बॅगा उतरतात, त्यांच्यामागून डोळे चोळत नातवंडं उतरतात. वरच्या खिडकीत दिवा लागलेलाच असतो. तो संध्याकाळपासून लागलेला असतो.

हे सगळं हिवाळ्यातच का, असं मला पूर्वी वाटायचं. कारण साधं आहे. अमेरिकेतल्या शाळांची मोठी सुट्टी जून ते ऑगस्ट, म्हणजे आपला ऐन पावसाळा. चिखल, डास, तापाच्या साथी. मुलांना घेऊन यायला आई-बाप बिचकतात. म्हणून नाताळची दीड-दोन आठवड्यांची सुट्टी, तिला आई-बापांच्या रजेची ठिगळं आणि मुलांची थोडी शाळा बुडवणं, असं करून कसेबसे तीन आठवडे जमतात. विमानाची तिकिटंही नेमकी याच दिवसांत महाग. चार माणसांच्या तिकिटांचा खर्च ऐकला की आपल्याला घेरी येते. तरीही ती येतात. याचं मोल मी कमी लेखत नाही.

आणि मैत्रिणींनो, हे फक्त ठाण्या-पुण्याचं नि अमेरिकेचं आहे असंही समजू नका. चिपळूणला, संगमनेरला, अकोल्याला ज्यांची मुलं बंगळुरू, हैदराबाद किंवा दिल्लीला आहेत, त्यांच्याही दारात नाताळच्या सुट्टीत नातवंडं उतरतात. तिकडच्या शाळांची सुट्टी आणि आपली दिवाळीची सुट्टी जुळतेच असं नाही. अंतर कमी, पण घरातली लगबग तीच. म्हणून आज जे लिहिते आहे ते तुमच्याही घरचं असेल.

आमच्याकडे दर दोन वर्षांनी न्यू जर्सीहून धाकटे दीर, जाऊ आणि त्यांची दोन मुलं येतात. पुतण्या मोठा, पुतणी धाकटी. सासू-सासरे, म्हणजे आई आणि अप्पा, आमच्याजवळ राहतात. त्यामुळे या सोहळ्याची पडद्यामागची बाजू माझ्या वाट्याला येते. खरं सांगायचं तर कित्येक वर्षं मला या भेटीचा आनंदही व्हायचा आणि आतून चिडचिडही व्हायची. चिडचिड होते हे कबूल करायची लाज वाटायची, म्हणून ती पोळ्या लाटताना लाटण्यावर निघायची.

कशाची चिडचिड? तर आमच्या मुलाच्या बारावीच्या वर्षी त्याची पूर्वपरीक्षा जानेवारीत होती आणि त्याची खोली मात्र एक डिसेंबरपासून पाहुण्यांसाठी रिकामी झाली. तो बिचारा स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास करायचा. तिथं रोज चकल्या, अनारसे, गूळपोळ्या, ओल्या नारळाच्या करंज्या यांची आघाडी उघडलेली. आमच्या मुलांना आजी वर्षभर म्हणते, "घ्या की हातानं, पाय मोडलेत का?" पण या दोघांना तीच आजी पाण्याचा पेलासुद्धा हातात नेऊन द्यायची. माझी मुलगी एकदा म्हणाली, "आई, आपणही अमेरिकेत जाऊन परत येऊ या का? म्हणजे आजी आपल्याला पण असं विचारेल." मी हसले, पण ते वाक्य मनात राहिलं.

त्या तीन आठवड्यांचा कार्यक्रम अप्पा महिनाभर आधी कागदावर लिहून काढायचे. एक दिवस सिद्धिविनायक, एक दिवस मॉल, दोन दिवस महाबळेश्वर, एक लग्न, एक मुंज, सहा घरी जेवणं, चार घरी चहा. त्यात दिराची बँकेची कामं, जावेचे दाताचे डॉक्टर आणि खरेदी. कागद भरगच्च. त्या कागदावर एक गोष्ट कुठेच नसायची, ती म्हणजे नुसतं घरी बसणं. आजी ओट्यापाशी, आजोबा टॅक्सीच्या पुढच्या सीटवर, नातवंडं मागे फोनमध्ये. परत जायची वेळ आली की सगळे म्हणायचे, "अगं बाई, कसे गेले दिवस कळलंच नाही." खरंच कळलं नव्हतं. एकमेकांशी बोलायलाच कुणाला वेळ झाला नव्हता.

जयवंत दळवींचं 'संध्याछाया' नाटक रंगभूमीवर आलं ते १९७०च्या दशकात. मुलगा अमेरिकेत आणि इथे वाट बघणारे म्हातारे आई-बाप. आमच्या आईंनी ते पाहिलं तेव्हा त्यांची मुलं लहान होती. त्या म्हणतात, "तेव्हा रडले, पण दुसऱ्याचं दुःख म्हणून रडले." त्या काळी परदेशातलं पत्र यायला आठवडे लागायचे. आता दर रविवारी सकाळी व्हिडीओ कॉल असतो. चेहरे दिसतात, नवीन दात दिसतो, नवीन पडदे दिसतात. त्यामुळे सगळ्यांची समजूत होते की आपल्याला एकमेकांचं सगळं दिसतंय. पण फोनमध्ये माणूस खांद्यापासून वरच दिसतो. त्याचे पाय दिसत नाहीत, उठताना भिंतीला लावलेला हात दिसत नाही. आणि रविवारच्या त्या अर्ध्या तासासाठी आमच्याकडे आई नवी साडी नेसतात, अप्पा दाढी करून बसतात. म्हणजे तिथेही पाहुण्यांसमोरचाच चेहरा.

ही गोष्ट मला कळली ती चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात. कळवली ती माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीनं.

थंडीत न्यू जर्सीचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं. इथे पहाटेचे तीन म्हणजे तिथे दुपारचे साडेचार. शाळा सुटून पोरांची खेळायची वेळ. त्यामुळे आल्यावर पहिले सात-आठ दिवस मुलं दुपारी जेवता जेवता पेंगतात आणि पहाटे तीनला टक्क जागी होतात. आई-बाप मेल्यासारखे झोपलेले असतात. अशा वेळी घरात आणखी कोण जागं असतं? आजी-आजोबा! म्हाताऱ्या माणसांची झोप मुळातच कमी. तर त्या वर्षी पहाटे तीनला आमच्या स्वयंपाकघरात दोन वृद्ध आणि दोन पोरं अशी मैफल भरायला लागली. मला भांड्यांचा आवाज यायचा, पण मी कूस बदलून झोपायची.

ते दिवस धुंधुरमासाचे होते. सूर्य धनु राशीत असतो तो महिना, साधारण सोळा डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत. या दिवसांत पहाटे उठून स्वयंपाक करून सूर्योदयालाच नैवेद्य दाखवून जेवायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. मुगाच्या डाळीची गरमागरम खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत. आमच्याकडे ती कधीच बंद पडली होती. पहाटे उठणार कोण आणि सात वाजता खिचडी खाणार कोण? पण इथे आयतीच दोन भुकेली पोरं जागी होती. त्यांच्या पोटाच्या घड्याळानुसार ती संध्याकाळच्या जेवणाची वेळ होती. आईंनी पीठ मळलं, पुतण्यानं भाकरी थापायचा प्रयत्न केला, ती फाटली, त्याला आजीनं ठिगळ लावलं, पुतणीनं वरून तीळ पेरले. सात-सव्वासातला उजाडतंय तोवर चौघं जेवून मोकळी! आम्ही उठून बाहेर आलो तर चार ताटं घासून पालथी घातलेली. आईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी महाबळेश्वरच्या एकाही फोटोत पाहिलेलं नाही.

पाच-सहा दिवसांनी पुतणी माझ्यामागे मागे फिरायला लागली. शेवटी हळूच म्हणाली, "काकू, सीक्रेट सांगितलं तर आजोबा रागावतील?" विचारलं तर कळलं, अप्पा पहाटे अंथरुणातून उठले की त्यांना गरगरतं. दोनदा ते भिंतीला धरून खाली बसले होते. एकदा तिनं त्यांना हात दिला होता. अप्पांनी तिला बजावलं होतं, "कुणाला सांगू नकोस हं. तुझ्या बाबाची सुट्टी खराब होईल."

मी त्याच घरात राहते. वर्षभर राहते. मला ते दिसलं नव्हतं, कारण नोव्हेंबरपासून माझं लक्ष गाद्यांवर आणि करंज्यांवर होतं. अप्पांची रक्तदाबाची तपासणी नोव्हेंबरात व्हायची होती. ती त्यांनी "मुलं येऊन जाऊ देत" म्हणून पुढे ढकलली होती. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. उठून उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरत होता, गोळीचं प्रमाण बदलावं लागलं. थोडक्यात निभावलं. असं पहाटे पडून खुब्याचं हाड मोडलेली दोन माणसं आमच्याच मंडळाच्या ओळखीत आहेत. त्यातल्या एका आजी त्यानंतर बिछान्यातून उठल्या नाहीत.

अप्पा नातीवर रागावले नाहीत. पण जाऊ खूप रडली. मटार सोलत आम्ही दोघी बसलो होतो. म्हणाली, "ताई, तुम्ही सगळे आम्हाला पाहुण्यांसारखं वागवता. आम्हाला खरं काही सांगतच नाही. मला वाटतं आम्ही इथे कुणाचे नाहीच आता." मी आजवर उलटं समजत होते. मला वाटायचं, हिला बरी बडदास्त मिळते. तिला त्या बडदास्तीतच परकेपणा लागत होता, हे मला पहिल्यांदा कळलं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे आणि आज ते जाहीरपणे लिहिते आहे. दुरून आलेल्या नातवंडांना पाहुणे करू नका. त्यांना घरातलं एक काम द्या, आणि घरातलं खरं त्यांच्यापासून लपवू नका. पाहुण्याला आपण दिवाणखान्यात बसवतो. घरच्या माणसाला स्वयंपाकघरात येऊ देतो. नातं पिकतं ते स्वयंपाकघरात.

त्यानंतरच्या खेपेला, म्हणजे दोन वर्षांनी, आम्ही अप्पांच्या हातात कागदच दिला नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं की घराबाहेरचे मोठे कार्यक्रम तीनच. बाकी प्रत्येकाला एक काम. आमच्या दोघांना आणि त्यांच्या दोघांना, चौघांनाही. पुतणीकडे आजीबरोबर मटार आणि वाल सोलायचं काम. आता वाल सोलणं हे काय काम आहे ते तुम्हाला सांगायला नको. रात्री भिजवा, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड काढा, कोमट पाण्यात घाला आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून सालातून बाहेर काढा. वाटीभर बिरड्याला तासभर बसणं आलं. पण त्या एका तासात आजीनं तिला स्वतःच्या लग्नात पाऊस कसा आला, तिच्या बाबानं लहानपणी नाकात वाल कसा घातला होता, हे सगळं सांगितलं. हात गुंतलेले असले की तोंड मोकळं होतं. फोन हातात धरता येत नाही हा आणखी एक फायदा!

पुतण्याकडे अप्पांबरोबर बाहेरची कामं. सकाळी दूध, मग जांभळी नाक्यावरून भाजी. आठवड्यातून एकदा मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन पुस्तक बदलणं. १८९३ साली सुरू झालेली ही संस्था आहे हे ऐकून तो म्हणाला, "म्हणजे आमच्या शाळेपेक्षा खूप जुनी!" एकदा अप्पा त्याला नुसतं ठाणे स्टेशनवर घेऊन गेले आणि सांगितलं की १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून चौदा डब्यांची, सुमारे चारशे माणसांची देशातली पहिली प्रवासी गाडी निघाली ती इथं ठाण्याला येऊन पोहोचली. चौतीस किलोमीटर. मुलानं फलाटावरची गर्दी पाहिली आणि विचारलं, "त्या दिवशी सगळ्यांना बसायला जागा मिळाली होती का?" अप्पा हा प्रश्न आजही सगळ्यांना सांगतात.

तीन मोठ्या कार्यक्रमांत एक होता खाडीतले रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो पाहायचा. आपल्या ठाणे खाडीत हे गुलाबी पक्षी दर हिवाळ्यात हजारोंनी उतरतात. २०१५ साली त्या भागाला अभयारण्य जाहीर केलं आणि २०२२ साली रामसर यादीतही तो आला. होडीतून ते पाहताना अप्पा म्हणाले, "हेही हिवाळ्यातलेच पाहुणे. पण बघा, चिखलात आपलं खाणं आपण शोधतायत. कुणी करंज्या करून ठेवल्या नाहीत." सगळे हसलो. आई तेवढ्या हसल्या नाहीत.

कारण या सगळ्याला आईंचा विरोध होता, आणि तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्यांचं म्हणणं, "दोन वर्षांनी तीन आठवडे येतात पोरं. त्यांना कामाला कसली लावता? मला करू दे की हौसेनं. नंतर आहेच रिकामं घर." हौस ही खरी गोष्ट आहे. आजीच्या हातचा लाडू हे तिचं बोलणंच असतं. ते बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. पण चार पदार्थांच्या जागी दोन करा, आणि ते दोन नातवंडांना शेजारी बसवून करा. लाडू वेडेवाकडे होतील. होऊ देत. संक्रांतीच्या आधीच मुलं परत जातात, म्हणून आमच्याकडे तिळगूळ डिसेंबरातच होतो. त्या वर्षी तो पोरांनी वळला. काही लाडू सुपारीएवढे, काही लिंबाएवढे. आईंनी तेच डब्यात भरून शेजारी वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "नातीनं वळलेत हो."

आता भाषेबद्दल. दोन्ही मुलांना मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. जाऊ तिकडे दर रविवारी त्यांना मराठी शाळेत नेते. अमेरिकेतल्या बऱ्याच गावांत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या अशा शाळा भरतात, पालकच हौसेनं शिकवतात. तिथे मुलांना अक्षरं येतात, पण बोलायला निमित्त लागतं. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांबद्दल मी एकदा वाचलं होतं. त्यांची भाषा पोरांच्या तोंडून नाहीशी व्हायला लागली तेव्हा १९८२ साली त्यांनी 'कोहांगा रेओ' सुरू केली. याचा अर्थच 'भाषेचं घरटं'. शाळेत जायच्या आधीची लहान मुलं दिवसभर वडीलधाऱ्यांच्या सहवासात राहायची, आणि तिथे खाणं, खेळणं, रुसणं सगळं त्यांच्या भाषेतच. दोनच वर्षांनी हवाई बेटांवरच्या लोकांनीही तसंच केलं. म्हणजे भाषा वाचवायला त्यांनी आधी कोण शोधलं? आजी-आजोबा. आपल्याकडे ते घरटं तयारच आहे, फक्त तीन आठवडे आपण त्यातली माणसं ओट्याशी आणि टॅक्सीत बसवून ठेवतो.

मात्र एक पथ्य पाळा. मुलांच्या चुकांना हसू नका. आमची पुतणी म्हणाली होती, "आजी, माझा पाय झोपला." सगळे हसले आणि ती दोन दिवस मराठीत बोललीच नाही. पायाला मुंग्या आल्या म्हणतात हे नंतर सांगता आलं असतं. तसंच "आमच्या मुलांना बघा कसे श्लोक पाठ आहेत" ही तुलनाही नको. त्यानं आलेली पोरं दुखावतात आणि इथली पोरं उगाच फुशारतात.

आणखी एक गोष्ट, जी आपण बायकांनीच बोलायला हवी. आजी-आजोबांच्या जोड्या दोन असतात! माझ्या जावेचं माहेर डोंबिवलीचं. ठाण्याहून लोकलनं अर्धा तास. पण दर खेपेला तिच्या आई-वडिलांच्या वाट्याला दोन दिवस यायचे, तेही जाताना-येताना. मुलं 'मुलाकडे' येतात, आईकडचे आजी-आजोबा म्हणजे भेटून यायचे, हे इतकं सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं की कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तिच्या आईनंही डिसेंबरात गाद्या उन्हात घातलेल्या असतात, त्याही एकवीस तारीखच मोजत असतात. मी हा विषय काढला तेव्हा घरात दोन दिवस थोडं गार वारं वाहिलं. मी आईंना एवढंच म्हटलं, "तुमची लेक सासरहून दोनच दिवसांसाठी आली असती तर?" आमच्या नणंदबाई नागपूरला असतात. आई गप्प बसल्या. त्या वर्षी सहा दिवस मुलं डोंबिवलीला राहिली. पुढच्या खेपेला निम्मे-निम्मे करायचं ठरलं आहे. तोंडी नाही, कॅलेंडरवर लिहून.

जानेवारीचा दुसरा आठवडा आमच्या मंडळाच्या कामात सगळ्यात जड जातो. आम्ही आठ-दहा जणी गुरुवारी दुपारी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे जाऊन बसतो. कुणाला औषध आणून दे, कुणाचं वीजबिल भर, कुणाशी नुसत्या गप्पा. मुलं परत गेली की या दिवसांत कुणाला ताप, कुणाचा रक्तदाब वाढलेला, कुणाला जेवण जात नाही. महिनाभराची दगदग आणि मग एकदम शांतता, दोन्हीचा मार एकदम बसतो. माझं पाहण्यातलं असं आहे की जिथे सोहळा मोठा, तिथे हा उतारही मोठा. म्हणून शेजारणींनो, आपल्या इमारतीतली बॅगांची गाडी परत गेली की दुसऱ्या दिवशी त्या घरी आमटीची वाटी घेऊन जा. पाच मिनिटं बसा. जवळ कुणीच नसेल आणि अडचण असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, तो नंबर त्यांच्या फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

आणि मुलं जाताना त्यांच्याकडे एखादं काम ठेवून द्या. आमच्या पुतण्याकडे आजोबांच्या औषधांचं खातं आहे. रविवारी फोनवर तो अप्पांना गोळ्यांची डबी कॅमेऱ्यासमोर धरायला लावतो आणि एकेक खण मोजतो. मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडले तर अप्पा ऐकत नसत. नातवाला मात्र मुकाट हिशेब देतात. आता त्या फोनसाठी ते मुद्दाम दाढी करत नाहीत. आईही घरच्याच साडीत बसतात.

मागच्या महिन्यात असाच रविवारचा फोन होता. पुतणी आता तेरा वर्षांची झाली आहे. पूर्वी तिचा फोन "हाय आजी, हाऊ आर यू" असा सुरू व्हायचा, आजी "मजेत" म्हणायच्या आणि विषय संपायचा. त्या दिवशी तिनं पहिलंच वाक्य टाकलं, "आजी, मागे ताटात वाल दिसतायत. सोलायला कोण बसलंय?"

आई म्हणाल्या, "कुणी नाही गं. एकटीच आहे."

"मग थांब. पाच मिनिटं मी आहे. तू सोल, मी बघते. सगळं सांग."

पाच मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. यंदा मुलं एकोणीस तारखेला येणार आहेत. गाद्या मी अजून उन्हात घातलेल्या नाहीत. वाल मात्र दोन किलो आणून ठेवलेत.